वेग काढून घेणारा आर्थर ॲश

आपल्याकडे टेनिस म्हटलं की फेडरर, नदाल, फार तर मागे लिअँडर पेस आणि विजय अमृतराज, इथवर आपली धाव. आर्थर ॲशचं नाव मी मंडळात काढलं तेव्हा दोघातिघांना ते फक्त न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टेडियममुळे ठाऊक होतं. म्हणून हा लेख. समोरच्याचा खेळ ओळखून आपला खेळ बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला या माणसाच्या एका सामन्यावरून कळलं. पण त्या सामन्यापर्यंत पोचायला आधी त्याचं बालपण पाहायला हवं.

ॲश १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहरात जन्मला. वडील ब्रूक फील्ड या मैदानाचे रखवालदार. मैदान फक्त कृष्णवर्णीयांचं, कारण गोऱ्यांच्या बागेतल्या कोर्टावर या मुलांना पाऊल ठेवायची मुभा नव्हती. राहतं घर मैदानातच होतं, त्यामुळे टेनिस कोर्ट म्हणजे अंगणच. तो सहा वर्षांचा असताना आई गेली. किडकिडीत पोरगा, हातात रॅकेट आणि पुस्तकं, आणि वडिलांची करडी शिस्त.

पुढे तो उन्हाळ्याच्या सुट्टीत लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट जॉन्सन यांच्या घरी शिकायला जाऊ लागला. अल्थिया गिब्सन यांना घडवणारे हेच डॉक्टर. त्यांचा एक नियम विलक्षण होता. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या थोडा बाहेर पडला तरी तो आत धरून परत मारायचा. पंचांशी वाद नाही, रॅकेट आपटणं नाही, तोंडावर राग दिसता कामा नये. कारण उघड होतं : गोऱ्या आयोजकांना या मुलांना बाहेर काढायला एवढंसं निमित्त पुरलं असतं. हा नियम वाचून मला आधी चीडच आली. अन्याय सोसायचा आणि वर हसायचं, हे कसलं शिक्षण? पण त्या सवयीनं ॲशला एक गोष्ट दिली. कोर्टावर त्याचं डोकं मोकळं राहायचं, विचार करायला.

कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात तो शिष्यवृत्तीवर शिकला, मग सैन्यात लेफ्टनंट झाला. १९६८ साली पहिली यूएस ओपन त्यानं टॉम ओकरला पाच सेटमध्ये हरवून जिंकली. गंमत अशी की तो हौशी खेळाडू म्हणून उतरला होता, त्यामुळे १४,००० डॉलरचं बक्षीस हरलेल्या ओकरला मिळालं! १९७०मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन झाली. दक्षिण आफ्रिकेनं वर्णभेदापायी त्याला व्हिसा नाकारला, तरी तो मागतच राहिला आणि १९७३मध्ये तिथं जाऊन खेळला. तिथल्या अंतिम फेरीत त्याला हरवलं जिमी कॉनर्सनं.

आता कॉनर्स. डावखुरा, दोन हातांचा बॅकहँड, हातात स्टीलची रॅकेट. १९७४ साली विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन तिन्ही त्याच्याच खिशात. त्याच्याशी जोरात खेळावं तर तो तोच जोर वापरून चेंडू दुप्पट वेगानं परत धाडायचा. १९७५च्या विम्बल्डनला उपांत्य फेरीत रॉस्को टॅनरनं आपल्या तोफेसारख्या सर्व्हिसवर भिस्त ठेवली आणि सरळ तीन सेटमध्ये बाद झाला. अंतिम फेरीपर्यंत कॉनर्सनं एकही सेट गमावला नव्हता.

समोर ॲश. बत्तिशीला पाच दिवस कमी, आणि आजवर कॉनर्सला एकदाही न हरवलेला. त्यात डेव्हिस कपला न खेळण्यावरून ॲशनं टीका केली म्हणून कॉनर्सनं त्याच्यावर खटला भरलेला. म्हणजे रागानं खेळायला कारणं भरपूर. शिवाय ॲशचा स्वतःचा खेळ काय? वेगवान सर्व्हिस आणि सपासप फटके. तेच तर कॉनर्सला हवं होतं.

आदल्या रात्री मित्रांबरोबर बसून त्यानं बेत आखला. ५ जुलैच्या दुपारी सेंटर कोर्टवर लोकांना भलताच ॲश दिसला. त्यानं चेंडूतला जीवच काढून घेतला. कॉनर्सच्या फोरहँडला बुटका, मऊ चेंडू. तो उचलावा लागे, आणि उचलताना कॉनर्सची गणितं चुकत. उजव्या बाजूनं सर्व्हिस करताना बाहेर वळणारी स्लाइस, कारण डावखुऱ्याच्या बॅकहँडपासून ती दूर पळते आणि दोन हातांनी धरलेली रॅकेट तेवढी लांब पोचत नाही. कॉनर्स जाळीकडे धावला की डोक्यावरून लॉब. बाजू बदलताना ॲश खुर्चीत डोळे मिटून स्वस्थ बसायचा. पहिले दोन सेट ६-१, ६-१!

खरी परीक्षा मात्र पुढे होती, आणि मला सामन्याचा हाच भाग जास्त मोलाचा वाटतो. कॉनर्स सावरला. तिसरा सेट त्यानं ७-५ घेतला, चौथ्यात ३-० पुढे गेला. अशा वेळी कुणालाही वाटेल, पुरे झाली ही हळू मारामारी, आपला नेहमीचा खेळ खेळू. तुमची-माझी गोष्ट सोडा, भलेभले तेच करतात. ॲशनं बेत सोडला नाही. बरोबरी साधली, ४-४वर कॉनर्सची सर्व्हिस तोडली आणि चौथा सेट ६-४नं संपवला. विम्बल्डन जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. तो खटलाही पुढे मागे घेतला गेला.

१९७९मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि १९८०मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. शस्त्रक्रियेच्या वेळी चढवलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाली, ते १९८८मध्ये कळलं. एक वृत्तपत्र बातमी छापणार असं दिसताच एप्रिल १९९२मध्ये त्यानं स्वतःच लोकांपुढे येऊन ती सांगितली, आणि उरलेले महिने एड्सविषयीच्या कामाला दिले. त्याच वर्षी हैतीच्या निर्वासितांसाठी निदर्शनं करताना व्हाइट हाउसबाहेर त्याला अटकही झाली. ६ फेब्रुवारी १९९३ला तो गेला, वय ४९.

रिचमंडमध्ये ज्या मॉन्युमेंट अव्हेन्यूवर गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सेनापतींचे पुतळे होते, तिथं १९९६मध्ये ॲशचाही पुतळा बसवला. भोवती मुलं आहेत, एका हातात रॅकेट आणि दुसऱ्या हातात पुस्तकं.