राजा गौतमीपुत्र सातकर्णी व त्याची शत्रूविषयीची नीती

उचगावाहून कोल्हापुरास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरी टेकडी पाहिली असेलच. इ. स. १९४५-४६ साली सांकळिया व दीक्षित या विद्वानांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन राजांच्या काळची वस्ती भूमीखाली आढळली. त्या राजकुळातील सर्वांत नामांकित पुरुष गौतमीपुत्र सातकर्णी हा होय. तो सुमारे १,९०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचा पराक्रम पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु जिंकलेल्या शत्रूशी तो कसा वागला, हे आम्हांस अधिक विचार करण्याजोगे वाटते.

त्या काळी नाशिक व कार्ले येथील मुलूख क्षहरात कुळातील नहपान राजाच्या हाती होता. नहपानाचा जावई उषवदात हा शूर व मोठा दानी असे. एका मोहिमेत मालय लोकांस पळवून लावल्यावर तो पुष्कर तीर्थास गेला आणि तेथे अभिषेक करून त्याने ३,००० गाई व एक गाव दान दिले. लढाई आटोपली म्हणजे देवापुढे काही केले पाहिजे, ही भावना प्राचीन काळी पुष्कळ देशांत होती. फार रक्त सांडले म्हणून दाविदास मंदिर बांधू दिले नाही, हे आमच्या वाचकांस सांगणे नकोच.

आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडली. त्याच वर्षी विजयी सैन्याच्या छावणीतून त्याने गोवर्धन येथील अमात्यास एक आज्ञा धाडली. ती नाशिकच्या लेण्यात कोरलेली आजही आहे. उषवदाताच्या ताब्यातील २०० निवर्तने जमीन त्याने डोंगरावरील बौद्ध भिक्षूंस दिली, आणि तीत शिपायांनी पाऊल टाकू नये, अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये, असे ठरविले. हा राजा स्वतः वैदिक धर्माचा अभिमानी होता, हे ध्यानात घ्यावे. पुढे चोविसाव्या वर्षी असे कळले की, भिक्षूंस पूर्वी दिलेले शेत पडीक आहे व गावात कोणी राहत नाही. तेव्हा राजाने व राजमातेने शहराच्या शिवेवरील सरकारी शेतातून १०० निवर्तने जमीन बदली दिली. गाव का ओसाड पडले, हे शिलालेख सांगत नाही. पण सैन्य ज्या वाटेने जाते, त्या वाटेवरच्या शेतकऱ्याची दशा आमच्या खेड्यांतील लोकांस कोणी समजावून द्यावयास नको.

इ. स. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक रुप्याची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारला होता. नाणी वितळविली नाहीत. शत्रूच्या मुखवट्यावरच नवे चिन्ह उमटविले.

राजाच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी, वृद्ध माता गौतमी बलश्री हिने भिक्षूंस एक लेणे अर्पण केले व त्यात आपल्या पुत्राची कीर्ती कोरविली. तो आईची सेवा करी, न्यायाने कर घेई, प्रजेच्या सुखदुःखात वाटेकरी होई आणि अपराधी शत्रूचाही प्राण घेणे त्यास आवडत नसे, असे ती सांगते. त्याच लेखात त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, हेही ती गौरवाने सांगते! या दोन गोष्टी एकत्र कशा बसाव्यात? आईच्या स्तुतीत थोडी अतिशयोक्ती असणारच. तरी आमच्या मते हा लबाडीचा लेख नव्हे. राज्य करणारे घराणे मोडणे हा राजधर्म, आणि शरण आलेल्या माणसाचा जीव घेणे हे पाप, असा भेद त्या लोकांच्या मनात होता. मात्र त्या घराण्यातील माणसे या दोहोंपैकी कशात मोडत, हे ती माता सांगत नाही, आणि आम्हांस तिच्या लेखात तेवढेच एक खटकते.

पुढे दुसऱ्या एका शक घराण्यात रुद्रदामन राजा झाला. इ. स. १५० च्या सुमाराचा त्याचा लेख गिरनारच्या पायथ्याशी आहे. युद्धाखेरीज मनुष्यवध करणार नाही, अशी आपली प्रतिज्ञा त्याने त्यात नोंदविली आहे. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी, म्हणजे गौतमीपुत्राच्याच वंशातील राजा, याला त्याने दोनदा रणात जिंकले व जवळचे नाते आहे म्हणून दोन्ही वेळा जिवंत सोडले.