एका बाटलीचा हिशेब

आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. डॉ. हाफकिन यांचे चरित्र वाचताना मला तीच आठवली; आधी दगड, विचारपूस मागून.

१८९७ साली मुंबईत त्यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली आणि १९ जण धनुर्वाताने दगावले. लोक हादरले, यात त्यांचा दोष नाही. पण सरकारी चौकशीनेही ठपका प्रयोगशाळेवरच ठेवला! दगावलेले सारे एकाच बाटलीतले, बाकीचे ८८ सुखरूप; हा जमाखर्च माझ्यासारख्या वाणिज्यवाल्यालाही कळतो. ती बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता.

रॉससारख्या शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रांतून बाजू मांडली, तेव्हा १९०७ साली ते निर्दोष ठरले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचे नाव दिले, ते १९२५ साली.