शंकरराव चव्हाण

शंकरराव भाऊराव चव्हाण (१४ जुलै १९२० – २६ फेब्रुवारी २००४) हे दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले मराठवाड्यातील नेते होते. त्यांचा जन्म पैठण येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या चव्हाणांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला.

नगराध्यक्षपद

१९५२ ते १९५६ या काळात ते नांदेडचे नगराध्यक्ष होते. नांदेडच्या व्यापारउद्योगात कापसाला मोठे स्थान होते. रस्ते, दिवाबत्ती आणि बाजाराच्या सोयी नगरपालिकेच्या कक्षेत येत. मात्र मोंढ्याला व उस्मानशाही गिरणीला माल पुरवणारी शेती बहुतांशी पावसावर अवलंबून होती. तिला पाणी देणे नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचे होते.

सिंचनकार्य

राज्याचे पाटबंधारे मंत्री म्हणून चव्हाणांनी पैठणजवळील जायकवाडी प्रकल्पाचा पाठपुरावा केला. १९६५ साली धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली, ते मुख्यमंत्री असताना, लोकार्पण झाले. या धरणाखाली अनेक गावे बुडाली व तेथील कुटुंबे विस्थापित झाली. नांदेडजवळ गोदावरीवर उभारलेल्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाला चव्हाणांचे नाव देण्यात आले आहे. त्याच्या जलाशयातून शेतीबरोबरच नांदेड शहरालाही पाणी मिळते.

वारसा

कडक शिस्तीमुळे ते ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले जात. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शहराचे दैनंदिन जीवन व बाजारपेठ पाण्यावर किती अवलंबून असते, हे पुन्हा दिसून आले.