कृष्णाकाठचे गोविंदराव देवल

औदुंबराहून निघालेली कृष्णामाई सांगलीवरून खाली येते, हरिपूरला वारणेला भेटते आणि पुढं नृसिंहवाडीला पंचगंगेला सोबत घेऊन महाराजांच्या पादुकांजवळून वाहत जाते. वाडीची वारी करणाऱ्या पुष्कळांनी हरिपूरच्या संगमेश्वराचं दर्शन घेतलं असेल. त्याच हरिपुरात १३ नोव्हेंबर १८५५ रोजी गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला.

दत्तजयंतीच्या अंकात नाटककाराचं चरित्र कशाला, असं कुणाला वाटेल. पण आमच्या गावच्या दत्तमंदिरात पालखी झाल्यावर दुसऱ्या रात्री नाटक होतं, आणि गेली तीस वर्षं त्या नाटकाची तालीम मी घेतो आहे. सर्वांत जास्त वेळा आम्ही केलं ते देवलांचं ‘संशयकल्लोळ’. ज्या माणसाच्या शब्दांवर तीन पिढ्या हसल्या, त्याची ओळख सणाच्या निमित्तानं द्यावी, एवढाच हेतू.

देवल जन्मले त्याच्या बारा वर्षं आधी, १८४३ साली, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं होतं. म्हणजे नाटकाचं बीज त्या मातीत पडलेलंच होतं. शिक्षणासाठी गोविंदराव बेळगावला गेले. तिथं त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर गुरू लाभले. १८८० साली अण्णासाहेबांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचा संसार सुरू झाला. त्यात गोविंदराव होतेच. नट म्हणून ते उभे राहिले, पण त्यांची खरी ख्याती झाली ती तालीम देणारे म्हणून. शब्द कुठं तोडायचा, पद म्हणताना अर्थ कसा सांभाळायचा, हे ते नटाकडून घोटून घेत. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासारखे नट त्यांच्या हाताखालून गेले.

नाटकं त्यांनी लिहिली एकंदर सातच. त्यांतलं स्वतःच्या कल्पनेनं रचलेलं एक, ते म्हणजे १८९९ सालचं ‘शारदा’. पैशाच्या लोभानं बाप आपली कोवळी पोर जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, अशी ती गोष्ट. घरोघरी असे विवाह होत होते त्या काळी हे लिहायचं म्हणजे धाडस होतं. पुढं १९२९ साली बालविवाहाला बंदी करणारा शारदा कायदा आला, तो या नाटकावरून, असा समज आपल्याकडे अजून आहे. खरं म्हणजे तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून ओळखला गेला. पण लोकांचा असा समज व्हावा, यातच देवलांचं यश आहे.

मला मात्र देवलांच्या आयुष्यातली एक वेगळीच गोष्ट नेहमी विचारात पाडते. १८९० साली त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं. त्यात नवरा संशयापायी निरपराध बायकोचा जीव घेतो. त्यानंतर तीनच वर्षांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक त्यांनी लिहिलं. ते मर्फी या आयरिश नाटककाराच्या नाटकावरून घेतलेलं, आणि त्याचंही मूळ फ्रान्सच्या मोलिएरकडे. त्यातही नवरा संशयीच, पण इथं रक्त सांडत नाही, हसून हसून पोट दुखतं. रोग एकच. एकदा त्यांनी त्याचा शेवट दाखवला आणि एकदा त्यावरचं औषध दिलं. पुढं गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी याच नाटकात पदं घातली आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ तयार झालं.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला सापडते. मग बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनराव पेटतो, आणि तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात पाहून अश्विनशेट रेवतीवर संशय घेतो. खरं काय ते पात्रांपैकी कुणालाच माहीत नाही, समोर बसलेल्या पोरासोरांना मात्र सगळं माहीत. म्हणून या नाटकाला प्रेक्षक गप्प बसूच शकत नाही. पदाला वन्स मोअर तर मिळतोच, शिवाय म्हाताऱ्या बायका मांडी थोपटत पद म्हणू लागतात आणि पोरं फाल्गुनरावाला ओरडून खरं सांगतात.

आमच्याकडे पूर्वी रेवती मुलगेच करत. एका वर्षी गावातल्याच एका सुनेनं ते काम घेतलं. गळा गोड, पाठांतर चोख. पण तालमीहून परतायला रात्री उशीर होई, आणि पारावर कुजबूज सुरू झाली. त्यातच एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली की नायकिणीच्या मुलीची गोष्ट देवापुढं शोभत नाही. नाटक बंद पडायची वेळ आली. तेव्हा उत्सवाला आलेले कीर्तनकारबुवा शांतपणे म्हणाले की, अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यांत पिंगला कोण होती, ते एकनाथी भागवत उघडून पाहा. त्यावर कुणी काही बोललं नाही.

प्रयोगाच्या रात्री त्या सुनेच्या सासूबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. अश्विनशेट रेवतीला नाही नाही ते बोलू लागला, तशा त्या बसल्या जागेवरून कडाडल्या की, पोरीला घेरी आली होती, तसबीर रस्त्यात पडली, तिला उगाच बोल लावू नकोस. क्षणभर सभामंडप चिडीचूप झाला आणि मग असा हसला की नाटक पाच मिनिटं थांबलं. पारावरची माणसंही हसत होती. दुसऱ्या दिवसापासून कुजबूज बंद झाली. पुढची नऊ वर्षं रेवती तिनंच केली.

देवल १४ जून १९१६ रोजी गेले. त्याच वर्षी, त्यांच्या मागं, ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं. बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती. पदांसह उभं राहिलेलं हे नाटक आणि त्याला हसणारी माणसं पाहणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं. पण संशयी माणसाचा नाश होतो, हे गीतेत सांगितलेलं त्यांनी प्रपंचात बुडालेल्या साध्या माणसाला हसता हसता पटवून दिलं. यंदा उत्सवाला याल तेव्हा प्रसाद घेऊन लगेच निघू नका, नाटकाला थांबा. पद येत असेल तर बसल्या जागेवरून खुशाल म्हणा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥