हेन्रिक शोग्रेन

हेन्रिक सॅम्युएल कॉनराड शोग्रेन (२३ जुलै, १८९९ – १७ सप्टेंबर, १९८६) हे स्वीडनमधील नेत्रवैद्य होते. डोळ्यांचा कोरडेपणा हा काही वेळा केवळ डोळ्यांचा आजार नसून सर्व शरीरात पसरलेल्या विकाराचे लक्षण असतो, हे त्यांनी दाखवून दिले. तो विकार आज 'शोग्रेन सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो.

शिक्षण आणि प्रबंध

शोग्रेन यांचे वैद्यकीय शिक्षण स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेत झाले व १९२७ मध्ये ते वैद्यक परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्याकडे एक स्त्री आली. तिचे डोळे व तोंड कोरडे पडले होते आणि सांधेही दुखत होते. तीन तक्रारींसाठी तीन वैद्य शोधावेत, अशीच तेव्हाची रीत होती. शोग्रेन यांनी मात्र तिन्हींचे मूळ एकच असावे असे मानून तशाच आणखी रुग्णांचा शोध घेतला. अश्रू किती येतात हे पापणीत अडकवलेल्या टीपकागदाच्या पट्टीने मोजता येई. बुबुळावरील पारदर्शक पडद्याची (स्वच्छमंडलाची) झालेली हानी रोझ बेंगाल या रंगद्रव्याने दिसून येई.

१९३३ मध्ये त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांची माहिती होती व त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. 'केराटोकंजंक्टिव्हायटिस सिका' ही संज्ञा या प्रबंधामुळे रूढ झाली. 'सिका' म्हणजे लॅटिनमध्ये कोरडा. परीक्षकांना मात्र हे काम सामान्य वाटले. मिळालेली श्रेणी 'डोसेंट' या अध्यापन-पदवीस पुरेशी नव्हती, त्यामुळे विद्यापीठातील वाट बंद झाली. पुढे ते यन्शोपिंग या गावच्या रुग्णालयात नेत्रविभाग सांभाळू लागले. तेथे त्यांनी स्वच्छमंडलाच्या रोपणावरही काम केले.

या लक्षणांचे पहिले वर्णन शोग्रेन यांचे नव्हे. मिकुलिच यांनी १८८८ मध्ये अश्रुपिंड व लाळग्रंथींच्या सुजेची नोंद केली होती, आणि फ्रान्समधील गुझेरो यांनीही १९२० च्या दशकात अशा रुग्णांविषयी लिहिले होते. त्याहून फार पूर्वी सुश्रुतसंहितेत 'शुष्काक्षिपाक' हा नेत्ररोग येतो व त्यावर तुपाचे तर्पण सांगितले आहे. सांध्यांशी असलेला संबंध पुराव्यानिशी मांडणे, हे शोग्रेन यांचे खरे श्रेय होय.

मान्यता

ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य ब्रूस हॅमिल्टन यांनी १९४३ मध्ये प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो स्वीडनबाहेर वाचला जाऊ लागला. मायदेशात दखल उशिरा घेतली गेली. गोथेनबर्ग येथे १९५७ मध्ये त्यांना डोसेंट करण्यात आले, म्हणजे प्रबंधानंतर तब्बल २४ वर्षांनी. १९६१ मध्ये स्वीडिश सरकारने त्यांना प्राध्यापक ही उपाधी दिली. या विकारावरील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद १९८६ मध्ये कोपनहेगन येथे भरला. त्याच वर्षी लुंड येथे शोग्रेन यांचे निधन झाले.

उपचारांची पुढील वाटचाल

शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुपिंडांवर व लाळग्रंथींवर हल्ला करते, हे या विकाराचे स्वरूप पुढील काळात स्पष्ट झाले. रुग्णांमध्ये सुमारे दहापैकी नऊ स्त्रिया असतात. उपचारातील मोठी अडचण औषध डोळ्यात टिकण्याची आहे. घातलेल्या थेंबाचा बहुतांश भाग काही मिनिटांतच नाकाकडे वाहून जातो. शिवाय अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यावर पापण्यांतील मायबोमियन ग्रंथींमधून आलेला स्निग्ध थर असतो. हा थर विरळ झाला, तर असलेले पाणीही लवकर उडून जाते.

लायपोसोम या सूक्ष्म पिशव्यांचा उपयोग येथे होतो. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांनी त्यांचे वर्णन केले. फॉस्फोलिपिड या स्निग्ध द्रव्याची त्यांची भिंत पेशीच्या आवरणासारखी असते. त्यामुळे त्या डोळ्याच्या पृष्ठभागाशी जुळून राहतात, आत औषध वाहून नेऊ शकतात आणि झिजलेल्या स्निग्ध थराला भरही घालतात. मिटलेल्या पापण्यांवर मारायचे लायपोसोमयुक्त फवारेही वापरात आले आहेत. निकामी झालेले अश्रुपिंड मात्र अशा फवाऱ्यांनी पूर्ववत होत नाहीत.