लघु-गुरूंचे कवी मोरोपंत


लघु-गुरूचा धडा आला की वर्गात पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला मात्र तो आवडतो. याच लघु-गुरूंवर ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्या कवी मोरोपंतांची माहिती मी आज देत आहे.

मोरोपंतांचे आडनाव पराडकर. त्यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. तेथेच केशव पाध्ये व गणेश पाध्ये या विद्वान बंधूंजवळ ते शिकले. पुढे तरुणपणी ते बारामतीस आले. तेथील बाबूजी नाईक या धनिकाने त्यांना आश्रय दिला. नाईकांच्या वाड्यात ते पुराण सांगत. आर्याभारत, कृष्णविजय, केकावली असे ग्रंथ त्यांनी लिहिले. १०८ रामायणे रचणारे कवी अशी त्यांची ख्याती आहे. एका रामायणात तर ओठांना ओठ लावून म्हणायची अक्षरेच नाहीत!

पंतांचे आवडते वृत्त आर्या. त्यात अक्षरे मोजत नाहीत, मात्रा मोजतात. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. 'कमळ' म्हणजे ३ मात्रा, 'पाणी' म्हणजे ४. खरी गंमत पुढेच आहे. 'सत्य' मधला 'स' दिसायला लघु. पण पुढच्या जोडाक्षराचा जोर त्याच्यावर पडतो, म्हणून तो गुरू होतो. 'तुझ्या' मधल्या 'तु' वर तसा जोर पडत नाही. तो लघुच राहतो. म्हणजे नुसते बघून भागत नाही, म्हणून बघावे लागते बरं का!

आर्येच्या चार चरणांत १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. पंतांनी बहुतेक जागी चौथ्या चरणातही १८ ठेवल्या. तिला गीती म्हणतात. असे मोजून मापून त्यांनी सारे महाभारत मराठीत आणले.

एवढी मोजणी कशाला, असे कुणी विचारील. मला वाटते, तेव्हा मराठी पुस्तके छापली जात नव्हती. काव्य हाताने उतरवायचे नाहीतर पाठ करायचे. मधला एक शब्द गळला, की चाल लंगडते आणि ऐकणाराला लगेच कळते. मात्रा म्हणजे काव्याची राखणच!

१७९४ साली बारामतीस पंत वारले. मुलांनो, आज घरी जाऊन आपापल्या नावाच्या मात्रा मोजा. अशा या थोर कवीस माझे शतशः प्रणाम!

— इयत्ता ७ वी