पिएर क्युरी : तेल, काच आणि त्वचा

अणुभट्टीच्या परिसरातील पंप आणि मोटारी यांच्या बेअरिंगना इतर यंत्रांसारखेच वंगण लागते. पण तिथल्या तेलाला उष्णता आणि घर्षणाबरोबर किरणोत्सारालाही तोंड द्यावे लागते. किरणांमुळे तेलात काय घडते, याचा पहिला धागा अणुभट्ट्यांच्या कितीतरी आधी पिएर क्युरी यांच्या हाती लागला होता.

१५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये एका डॉक्टरच्या घरी जन्मलेल्या पिएर यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. १८८० मध्ये मोठे भाऊ जाक यांच्याबरोबर त्यांनी दाबविद्युत परिणाम शोधला. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो. याच गुणधर्मावर त्यांनी अत्यंत सूक्ष्म विद्युतभार मोजणारे उपकरण बनवले. १८९५ मध्ये मारी यांच्याशी विवाह झाला आणि १८९८ मध्ये या दांपत्याने पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. त्या शोधात हेच उपकरण कामी आले.

रेडियमजवळ ठेवलेल्या वस्तू बदलत असल्याचे दोघांच्या लक्षात आले होते. काचेच्या बाटल्या जांभळ्या पडत, कागद पिवळा होऊन ठिसूळ बने. १९०२ मध्ये पिएर यांनी द्रवांकडे लक्ष वळवले. बेंझीन, पेट्रोलियम ईथर, व्हॅसलीन तेल हे द्रव एरवी वीज वाहू देत नाहीत. रेडियमचे किरण पडताच त्यांतून अल्पशी वीज वाहू लागली. म्हणजे किरण तेलातील रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून विद्युतभारित कण तयार करत होते.

वंगणाच्या बिघाडाची सुरुवात इथेच होते. विद्युतभारित झालेले रेणू तुटतात, त्यांतून हायड्रोजन व इतर हलके वायू सुटतात. उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन मोठे रेणू बनतात. तेल दाट होते आणि मात्रा फार वाढली तर गोठल्यासारखे घट्ट बनते. बेंझीनसारखी वलये असलेले रेणू मात्र किरणांची ऊर्जा बऱ्याच अंशी न तुटता पचवतात. म्हणून जास्त किरणोत्साराच्या जागी अशी वलये असलेली पॉलिफिनाइल ईथरसारखी कृत्रिम तेले उपयोगी पडतात.

पिएर यांनी हे किरण स्वतःच्या त्वचेवरही आजमावले. किरणोत्सारी क्षार दंडावर दहा तास बांधून ठेवला. त्वचा लाल झाली, मग जखम झाली. ५२ दिवसांनंतरही ती पूर्ण भरली नव्हती. १९०१ मध्ये हेन्री बेक्वेरेल यांच्यासह त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. रेडियमचा वैद्यकीय उपचारांत वापर होण्यास त्यातून चालना मिळाली. पुढे पायदुखी आणि थकवा त्यांची पाठ सोडेना. १९०३ च्या नोबेल पारितोषिकाचे व्याख्यान ते १९०५ मध्येच देऊ शकले. त्यात त्यांनी, रेडियम गुन्हेगारांच्या हाती पडले तर काय, हा प्रश्नही उपस्थित केला.

१९ एप्रिल १९०६ रोजी पावसात पॅरिसचा एक रस्ता ओलांडताना मालवाहू घोडागाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. वय होते अवघे ४६. जिवंत पेशींतही किरण रेणूच तोडतात. फरक इतकाच, की तेल खराब झाले तर ते काढून नवे भरता येते.